बरोबरची खूण कोणी करायची?

नागरिकशास्त्र : इयत्ता नववी व दहावीसाठी, आणि पालकांनीही वाचावा असा अभ्यासलेख

भाषणस्वातंत्र्याचा धडा पाठ्यपुस्तकात थोडक्यात आटोपतो. कलम १९, त्यातील स्वातंत्र्ये, त्यांवरील वाजवी निर्बंध आणि खाली स्वाध्याय. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण बडोद्यातल्या आपल्या घरांत फोनवर दिवसभर मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांतून जे संदेश येऊन पडतात, त्यांचे काय करायचे हे त्या धड्यातून कळत नाही. संदेश कोणी लिहिला, तो खरा की खोटा हे कोणी ठरवायचे, आणि खोटा ठरला तर कोणी काढून टाकायचा, हे प्रश्न आता प्रत्येक घरात आहेत. या अंकात त्यासाठी आम्ही ब्रिटनमधले एक उदाहरण सविस्तर घेतले आहे. ते दूरचे असल्यामुळे त्यावर घरात भांडणे होणार नाहीत, हा एक फायदा. आणि त्याचा धागा आपल्या पालघरपर्यंत आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत येतो, हा दुसरा.

ब्रिटनमधल्या परंपरावादी पक्षाला जुनी मराठी वृत्तपत्रे ‘हुजूर पक्ष’ म्हणत आणि त्याच्या विरोधकांना ‘मजूर पक्ष’. आजोबांना विचारा, त्यांना ही नावे नक्की आठवतील. हुजूर पक्ष फार जुना. १८३४ साली सर रॉबर्ट पील यांनी टॅमवर्थ या आपल्या मतदारसंघातील मतदारांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले आणि ते लंडनच्या वृत्तपत्रांतून छापून आणले. पत्र टॅमवर्थच्या मतदारांना, पण वाचणार सगळा देश, असा तो बेत होता. पक्षाचे म्हणणे छापून थेट लोकांपर्यंत पोचवण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण मानले जाते. त्यावर पीलसाहेबांचे नाव ठळक होते. बोलणारा कोण, याबद्दल वाचणाऱ्याला शंका नव्हती.

आता १८५ वर्षे पुढे या. १९ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री आयटीव्ही या वाहिनीवर पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचा वादविवाद चालू होता. निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली. त्या वेळी ट्विटरवर ‘फॅक्टचेकयूके’ या नावाने एकामागून एक संदेश येऊ लागले. कॉर्बिन अमुक म्हणाले, ते चूक. जॉन्सन तमुक म्हणाले, ते बरोबर. नावाशेजारी ट्विटरने पडताळणी केल्याची निळी खूण होती. चित्राच्या जागीही बरोबरची खूण. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी तटस्थ संस्था दोघांच्या उत्तरपत्रिका तपासत बसली आहे.

प्रत्यक्षात ते हुजूर पक्षाच्या प्रसिद्धी कार्यालयाचे खाते होते. वादविवादापुरते त्यांनी नाव आणि चित्र बदलले होते. बारीक अक्षरांत खात्याचा मूळ पत्ता तसाच होता, आणि पक्षाने नंतर त्याच गोष्टीवर बोट ठेवले : आम्ही काही लपवले नाही, खाली लिहिलेच होते. पण धावता संदेश वाचणारा माणूस खालची ओळ वाचत नाही, हे प्रसिद्धी कार्यालयाला ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही. नाहीतर नाव बदलण्याचे कष्ट कोण कशाला घेईल?

ब्रिटनमध्ये ‘फुल फॅक्ट’ नावाची खरोखरच स्वतंत्र पडताळणी संस्था आहे. हा प्रकार अयोग्य आणि दिशाभूल करणारा असल्याचे तिने लगेच सांगितले. ट्विटरने पुन्हा असे झाले तर कारवाई करू, अशी तंबी दिली. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांना दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले, तर समाजमाध्यमांवरच्या या चढाओढीची सामान्य लोकांना काही पडलेली नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. निवडणूक आयोगाचे उत्तर अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. प्रचारातील मजकुरावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, असे आयोगाने सांगितले, आणि सर्वांनी जबाबदारीने वागावे असे आवाहन केले. तेवढेच.

हे ऐकून आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल. भारतात निवडणुकीच्या काळात दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरात आधी समितीकडून तपासून घ्यावी लागते, आणि २०१३ पासून हा नियम समाजमाध्यमांवरील जाहिरातींनाही लागू आहे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करता येतच नाही. पक्षांना फुकट ठरावीक वेळ मिळते. पण छापील आणि आंतरजालावरील प्रचारातले विधान खरे की खोटे, हे तपासणारे कोणीही नाही. साबणाची जाहिरात खोटी निघाली तर तिथले जाहिरात मंडळ विचारते. पक्षाची जाहिरात त्याच्या कक्षेत येत नाही.

त्याच महिन्यात हुजूर पक्षाने आणखी दोन गोष्टी केल्या. मजूर पक्षाचे कीअर स्टार्मर एका मुलाखतीत प्रश्नाला उत्तर देत असताना त्यांचे उत्तर कापून, ते निरुत्तर झाले असे दाखवणारी चित्रफीत प्रसारित केली. टीका झाल्यावर पक्षाने ती गंमत असल्याचे सांगितले. मग मजूर पक्षाचा जाहीरनामा ज्या दिवशी प्रसिद्ध व्हायचा, त्या दिवशी त्याच नावाचे एक संकेतस्थळ हुजूर पक्षाने उघडले आणि त्यावर विरोधकांची उणीदुणी मांडली. १२ डिसेंबरला मतदान झाले. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. तो विजय या युक्त्यांमुळे मिळाला, असे मात्र कोणी समजू नये. निवडणूक ब्रेक्झिटच्या प्रश्नावर लढली गेली होती, आणि एका रात्रीच्या नावबदलाने कोणी ३६५ जागा जिंकत नाही.

आता यातली खरी गंमत पाहा. याच हुजूर पक्षाच्या सरकारने, याच वर्षी एप्रिलमध्ये, आंतरजालावरील अपायकारक मजकुराला आळा घालण्यासाठी एक श्वेतपत्रिका काढली होती. थेरेसा मे तेव्हा पंतप्रधान होत्या. कंपन्यांवर वापरकर्त्यांची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकावे, त्यावर एक नियामक नेमावा, अशी ती योजना. अपायांच्या यादीत चुकीच्या माहितीचाही समावेश होता. एका हाताने नियमांची वही लिहायची आणि दुसऱ्या हाताने बरोबरची खूण उसनी घ्यायची, असे त्या वर्षी घडले.

पण या योजनेमागे दुःखाचे कारण होते, ते विसरता कामा नये. २०१७ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. मन खचवणारा मजकूर तिच्या फोनवर सतत येत राहिला होता. पुढे २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा होता, असा निष्कर्ष काढला. तिच्या पालकांनी आणि अशा इतर पालकांनी सरकारच्या मागे धरणे धरले. कायदा हवा, ही मागणी घराघरांतून आली होती. तिला ‘सेन्सॉरशिप’ म्हणून उडवून लावणे आम्हाला पटत नाही.

विधेयकाचा मसुदा मे २०२१ मध्ये आला, पार्लमेंटमध्ये ते मार्च २०२२ मध्ये मांडले गेले, आणि मग हुजूर पक्षातच दोन तट पडले. परंपरावादी विचाराच्या पोटात दोन प्रवाह पहिल्यापासून आहेत. एक म्हणतो, घर, मुले, सभ्यता, शिस्त यांचे रक्षण झाले पाहिजे. त्यासाठी सरकारने कडक व्हावे. दुसरा म्हणतो, सरकारने माणसाच्या बोलण्यात नाक खुपसू नये. परंपरेने मिळालेले स्वातंत्र्य हीच जपण्याची गोष्ट आहे. एरवी हे दोघे एका पंगतीत बसतात. या विधेयकाने त्यांना समोरासमोर आणले.

वाद पेटला तो एका शब्दप्रयोगावरून : ‘कायदेशीर पण अपायकारक’. म्हणजे जो मजकूर लिहिणे गुन्हा नाही, पण ज्याने मोठ्या माणसालाही अपाय होऊ शकतो, त्याचे काय करणार हे बड्या कंपन्यांनी जाहीर करावे आणि पाळावे. तेव्हाच्या मंत्री नॅडीन डॉरिस यांनी हे विधेयक जोमाने पुढे रेटले. त्यांच्याच पक्षाचे ज्येष्ठ खासदार डेव्हिड डेव्हिस यांनी कडाडून विरोध केला. कंपन्या दंडाला भिऊन गरजेपेक्षा जास्त मजकूर काढतील, असे विरोधकांचे म्हणणे होते. जुलै २०२२ मध्ये जॉन्सन यांनी राजीनामा जाहीर केला, नेतेपदाची निवडणूक लागली, आणि उमेदवार केमी बेडनॉक यांनी दुखावलेल्या भावनांसाठी कायदे करायचे नसतात, असे सांगून विधेयकावर टीका केली. पक्षांतर्गत निवडणुकीत हे वाक्य चांगले चालले. मतदार कोण आहे त्यावर पक्षाचा आवाज बदलतो : पालकांसमोर शिस्तीचा, पक्षसदस्यांसमोर स्वातंत्र्याचा. हा दोष एकट्या हुजूर पक्षाचा नाही.

शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्री मिशेल डोनेलन यांनी प्रौढांपुरती ‘कायदेशीर पण अपायकारक’ ही तरतूद वगळली. मुलांसाठीचे संरक्षण ठेवले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी कायदा झाला. अंमलबजावणी ‘ऑफकॉम’ या नियामकाकडे. कर्तव्य न पाळणाऱ्या कंपनीला १ कोटी ८० लाख पौंड किंवा तिच्या जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाच्या मजकुराची आणि पत्रकारितेची बड्या कंपन्यांनी विशेष काळजी घ्यावी, असेही कायद्यात आहे. ते लिहिताना पक्षांनी आपलीही सोय पाहिली असेल, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

जुलै २०२४ मध्ये हुजूर पक्ष सत्तेतून गेला. २५ जुलै २०२५ पासून मुलांच्या संरक्षणासाठी वय तपासण्याचे नियम लागू झाले, आणि वयाचा पुरावा मागितला जाऊ लागताच प्रौढ मंडळी चिडली. कायदा रद्द करा, या अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या. उजव्या बाजूच्या ‘रिफॉर्म यूके’ या पक्षाने, आम्ही आलो तर हा कायदा मोडीत काढू, असे जाहीर केले. आणि हुजूर पक्षाने केलेल्या कायद्याचा कैवार मजूर पक्षाचे सरकार घेऊ लागले. वहीचा मालक बदलला की वहीतले नियम प्रिय होतात.

हे सारे ब्रिटनचे. आता धागा इकडे आणू.

१९३५ साली ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. टेलिफोनवर अत्यंत आक्षेपार्ह किंवा अश्लील बोलणे गुन्हा ठरला. जोडणी करून देणाऱ्या टेलिफोन केंद्रावरच्या मुलींना लोक वाटेल ते बोलत. त्यांचे रक्षण हा हेतू होता. हेतू चांगला आणि जागा नेमकी. ते शब्द पुढे कायद्यामागून कायद्यात उतरत २००३ च्या दळणवळण कायद्यात आले, आणि आंतरजालावर लिहिलेल्या प्रत्येक ओळीला लागू झाले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याची २००८ ची दुरुस्ती झाली तेव्हा कलम ६६ अ मध्ये हीच शब्दावली आली. वर ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्दही जोडले गेले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने हा बंद कशासाठी, असा प्रश्न फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली. पुढे त्या सुटल्या, प्रकरणही बंद झाले. पण पसंतीचे एक बटण दाबल्याबद्दल अटक होते, हे देशाने पाहिले. त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल एका प्राध्यापकांना अटक झाली होती. राज्ये वेगळी, सत्तेतले पक्ष वेगळे. म्हणून या प्रश्नाकडे आपला पक्ष आणि त्यांचा पक्ष या चष्म्यातून पाहिले तर काहीच दिसत नाही.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी कलम ६६ अ रद्द केले. त्या निकालातला एक युक्तिवाद वर्गात आम्ही नेहमी सांगतो. एका खासदाराच्या कार्यालयात फोन करून वंशद्वेषी शब्द वापरणाऱ्या माणसाचे ब्रिटनमधले प्रकरण न्यायालयाने घेतले. खालच्या दोन्ही न्यायालयांना ते बोलणे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ वाटले नव्हते, लॉर्ड्सना वाटले. मुरलेल्या न्यायाधीशांचे एकाच वाक्यावर एकमत होत नसेल, तर पालघरच्या मुलीने कोणत्या मापाने आपले वाक्य मोजायचे? चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे न्यायालयाने वेगळे केले. कितीही न आवडणारी चर्चा किंवा पुरस्कार चालतो. बंधन येते ते चिथावणीपाशी. त्याच निकालात संकेतस्थळे रोखण्याचे कलम ६९ अ मात्र कायम ठेवले, कारण तिथे कारणे आणि कार्यपद्धती लिहिलेली होती. रद्द झालेल्या ६६ अ खाली पोलीस नंतरही गुन्हे नोंदवत राहिले, आणि जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल धक्का बसल्याचे सांगितले, हेही लक्षात ठेवा.

सैल शब्दाचा इतिहास मराठी माणसाला नवा नाही. १८७८ साली हुजूर पक्षाच्या सरकारने पाठवलेल्या लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी कायदा केला. तीच टीका इंग्रजीत छापली तर कायदा लागू नाही, देशी भाषेत छापली तर लागू. कारवाई विरुद्ध गेली तर न्यायालयात दाद मागायची सोय नाही. विरोधात बसलेल्या ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटमध्ये त्यावर टीका केली, आणि त्यांचे सरकार आल्यावर लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये, तो रद्द झाला. पण कलम १२४ अ राहिले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की सरकारविषयी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

अलीकडचा प्रकार पाहा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे की नाही हे सरकारनेच नेमलेला तथ्यपडताळणी कक्ष ठरवणार होता. त्याने खूण केलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड यांच्यासह काहींनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते भिन्न पडली. पटेल यांचा मुख्य आक्षेप असा की सरकारशी संबंधित बाबीत सरकारच निवाडा करणार. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेल यांच्याशी सहमती दाखवली, आणि ती तरतूद रद्द झाली. दरम्यान मार्चमध्ये कक्ष अधिसूचित झाला, तर दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती.

लंडनच्या प्रसिद्धी कार्यालयाने तटस्थाचे नाव चोरून घेतले; इथे ते कायद्याने, उघडपणे घेतले जात होते. उघडपणा हा गुण आहेच. पण ज्याच्या उत्तरपत्रिकेबद्दल वाद आहे, लाल पेन त्याच्याच हाती द्यायचे का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

हाच प्रश्न सध्या आपल्या दारातही आहे. वर्गनिहाय व्हॉट्सॲप गटांसाठी नियमावलीचा मसुदा पालक-शिक्षक संघापुढे विचारासाठी आला आहे. त्यातील तिसरा नियम असा : “गटावर आक्षेपार्ह, दिशाभूल करणारा अथवा शाळेच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारा मजकूर टाकणाऱ्यास गटातून काढण्यात येईल. याबाबत मुख्याध्यापकांचा निर्णय अंतिम राहील.” नियम हवा, यात दुमत नाही. गेल्या वर्षी एका मुलीचा फोटो खोडसाळ ओळ लिहून गटावर फिरला आणि ती आठ दिवस शाळेत आली नाही. ते पुन्हा घडू नये.

परंतु विश्वस्तांना आमची विनंती आहे की या तिन्ही शब्दांवर एकदा थांबावे. पाण्याची टाकी धुतलेली नाही, असे एखाद्या आईने गटावर लिहिले, तर शाळेच्या प्रतिष्ठेस बाधा येते की नाही? येते. ते खरे असेल तर जास्तच येते. मग तिला काढायचे का? आमच्या मते त्या नियमाऐवजी काय चालणार नाही ते नावानिशी लिहावे : दुसऱ्याच्या मुलाचा फोटो विनापरवानगी टाकणे, शिवीगाळ, धमकी, जातीवरून किंवा भाषेवरून हिणवणे, राजकीय पक्षाचा प्रचार. शाळेच्या कारभाराबद्दलची तक्रार यात येत नाही, असेही स्पष्ट लिहावे. आणि वाद झाला तर निर्णय तिघांनी द्यावा : एक शिक्षक, एक पालक आणि एक बाहेरचे माजी विद्यार्थी. तक्रार शाळेविरुद्ध असेल तर त्या तिघांत मुख्याध्यापक किंवा विश्वस्त नसावेत. हे मत आम्ही मुख्याध्यापकांना आधीच सांगितले आहे, आणि ते छापण्यास त्यांनी हरकत घेतलेली नाही.

नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : वरील तिसरा नियम प्रत्येकाने आपल्या शब्दांत पुन्हा लिहावा. एकच अट आहे. ‘आक्षेपार्ह’ हा शब्द वापरायचा नाही. निवडक मसुदे संघाच्या पुढील सभेत वाचले जातील, आणि ते वाचताना लिहिणाऱ्याचे नाव सांगितले जाईल.